वीटभट्टीचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

दिवाळी सरली, भाताची झोडणी आटोपली की ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील कातकरी पाडे रिकामे होऊ लागतात. मोखाडा, जव्हार, विक्रमगड, शहापूर, मुरबाड या तालुक्यांतून निघालेली कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण या पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर येऊन उतरतात. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि मुले असा सगळा संसार एका टेम्पोत मावतो. ही कुटुंबे पावसाची चाहूल लागेपर्यंत परतत नाहीत. शाळेचे वर्ष मात्र जूनच्या मध्याला सुरू होते आणि मेच्या आरंभी संपते. ही दोन वर्षे शेजारी शेजारी मांडून पाहिली म्हणजे मूळ अडचण ध्यानात येते. मूल आपल्या गावच्या शाळेत जून ते ऑक्टोबर एवढेच असते. दुसरे सत्र आणि वार्षिक परीक्षा भट्टीवरच्या धुरळ्यात निघून जातात. जूनमध्ये ते परतते तेव्हा त्याच्या हाती पुढच्या इयत्तेचे पुस्तक पडते. मागच्या पुस्तकाचा उत्तरार्ध त्याने उघडलेलाही नसतो. अशी चार वर्षे गेली की पाचवीच्या पटावर असलेल्या त्या मुलाची प्रत्यक्ष शाळा जेमतेम दोन वर्षांची झालेली असते.

या मुलांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा बहुधा शाळाबाह्य मुलांच्या आकड्यांवर येऊन थांबते. सर्वेक्षणे होतात, शिक्षक भट्ट्याभट्ट्यांवर फिरून नावे टिपतात, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेश दिल्याची नोंद होते. त्या शिक्षकांच्या कष्टांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण प्रवेश मिळालेले मूल शिकते काय, या प्रश्नाचे उत्तर सर्वेक्षणाच्या तक्त्यात नसते. ते शोधायचे तर ‘इयत्ता’ नावाच्या रचनेकडेच पाहावे लागते. एका वयाची तीस-चाळीस मुले एका दिवशी एका पानावर असतील, दहा महिने ती एकाच ठिकाणी येतील आणि वर्षअखेरीस सगळी मिळून एक पायरी चढतील, हे या रचनेचे गृहीतक आहे. स्थिर घर असलेल्या मुलाच्या बाबतीत ते कसेबसे चालते. भिवंडीच्या भट्टीवर आलेल्या मुलाच्या बाबतीत ते पहिल्याच हंगामात कोसळते.

‘पर्यायी शिक्षण’ हा शब्द मराठी शहरी वाचकाला अपरिचित नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय, पुण्यातील अक्षरनंदन, नाशिकचे आनंद निकेतन, फलटणचे कमला निंबकर बालभवन या शाळांनी पाठांतर, परीक्षा आणि शिक्षा यांच्याभोवती फिरणाऱ्या शिक्षणाला वेगळी वाट दाखवली. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते, प्रत्येकाची गती निराळी असते, मातृभाषा हाच शिकण्याचा पाया असतो, ही सूत्रे या शाळांनी केवळ सांगितली नाहीत, वर्षानुवर्षे वर्गात उतरवली. मात्र या प्रयोगांकडे पाहण्याची एक सवय आपल्याला लागून गेली आहे. पर्यायी शाळा म्हणजे जाणत्या पालकांनी विचारपूर्वक केलेली निवड, असे आपण धरून चालतो. निवड करायला आधी दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. वीटभट्टीवरच्या पालकासमोर एकही नसते. तरीही मुलाच्या गतीने शिकवणे, इयत्तेच्या भिंती सैल करणे, घरच्या भाषेतून सुरुवात करणे या सगळ्याची निकड सर्वांत जास्त आहे ती याच मुलाला. पुण्यातल्या मुलाला नेहमीच्या शाळेत कंटाळा येईल. भट्टीवरच्या मुलाला तीच शाळा अक्षरओळखीपर्यंतही नेत नाही.

याची जाण ठेवून उभा राहिलेला एक प्रयोग याच परिसरातला आहे. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ साली स्थापन केलेली विधायक संसद आणि पुढे १९८२ मध्ये उभी राहिलेली श्रमजीवी संघटना यांचे काम प्रामुख्याने वेठबिगारांच्या मुक्तीचे. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ सालचा. परंतु ठाणे जिल्ह्यात कर्जापोटी राबणारी आदिवासी कुटुंबे त्यानंतरही होती आणि त्यांना सोडवताना कार्यकर्त्यांना मार खावा लागला होता. या कामासाठी पंडित दांपत्याला १९९९ साली लंडनच्या ‘अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल’चा पुरस्कार मिळाला. मुक्त झालेल्या माणसाची पुढची पिढी पुन्हा त्याच फेऱ्यात कशी अडकते, याचा माग काढत हे काम वीटभट्ट्यांपर्यंत येऊन पोचले. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मालकाकडून उचल घ्यायची आणि ती फेडण्यासाठी हंगामभर विटा थापायच्या, असा हा व्यवहार. मजुरी हजार विटांमागे ठरते. साहजिकच घरातले प्रत्येक हात, अगदी सात-आठ वर्षांच्या मुलाचेही, हिशेबात धरले जातात. पहाटेच्या अंधारात काम सुरू होते. ओल्या विटा उलटणे, सुकलेल्या रचणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे ही मुलांची कामे.

भट्टीवर मजुरांच्या राहण्यासाठी विटाच एकमेकींवर रचून, वर गवत किंवा प्लॅस्टिक टाकून जे खोपटे उभारतात त्याला ‘भोंगा’ म्हणतात. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांवरच मुलांसाठी वर्ग चालवायला सुरुवात केली आणि त्यांना नाव पडले ‘भोंगा शाळा’. नाव सार्थ होते. मूल राहते त्याच प्रकारच्या खोपटात शाळा भरणार, भट्टीच्या हंगामाबरोबर ती सुरू होणार आणि हंगामाबरोबर मिटणार. इमारत नाही, घंटा नाही, गणवेश नाही. याच सुमारास आणि पुढच्या दशकात उसाच्या फडांवर व साखर कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या. मुलाने शाळेकडे यायचे हा क्रम उलटा करून शाळेने मुलाकडे जायचे, हा दोन्हींमागचा विचार एकच होता.

हा विचार तरी कोठून आला? त्याचे उगमस्थान शोधायला फार दूर जावे लागत नाही. भिवंडीपासून उत्तरेला, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाड ही गावे आहेत. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात कोठून आणायची? त्यांनी शिंपले, बिया, गोटे, माती यांतून साधने घडवली. हरिजन वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्माला आला. १९७५ साली केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने तोच शब्द देशभर नेला. आज गावोगावी अंगणवाडी आहे, पण हा शब्द एका शैक्षणिक बंडातून आला हे फारसे कोणाला आठवत नाही. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथल्या वारली मुलांना दिवसभर गुरे राखावी लागत. तेव्हा शिक्षक त्यांच्या मागे कुरणात गेले आणि गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरू लागला. ती ‘कुरणशाळा’. भोंगा शाळा ही या कुरणशाळेची धाकटी बहीण म्हणता येईल. फरक एवढाच की कुरणातले मूल संध्याकाळी घरी परतत होते. भट्टीवरच्या मुलाचे घरच सात महिने हललेले असते.

कोसबाडला जे प्रत्यक्षात चालले होते त्याची सैद्धान्तिक मांडणी जे. पी. नाईक यांनी केली. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेले नाईक सत्तरच्या दशकात सांगत होते की आपली प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था तीन गोष्टींना जखडून बसली आहे. प्रवेशाचे दार एकच, पहिलीचे. पुढची वाट एकच, वर्षाला एक इयत्ता. आणि शिकण्याची पद्धत एकच, पूर्णवेळ शाळा. हे तिन्ही दोर सैल केल्याशिवाय गरिबाचे मूल शाळेत टिकणार नाही. कोणत्याही वयात आत येता यावे, मध्येच सोडून पुन्हा येता यावे, अर्धवेळ शिकता यावे, हा त्यांचा आग्रह होता. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने अनौपचारिक शिक्षणाचा जो कार्यक्रम हाती घेतला त्याच्या मागे ही विचारधारा होती.

या धोरणाला विरोधही तितकाच तगडा झाला आणि तो बाजूला सारून चालणार नाही. काम करणाऱ्या मुलांसाठी रात्रीचा दोन तासांचा वर्ग काढणे म्हणजे त्यांनी दिवसा काम करण्याला संमती देणे होय, असे आंध्र प्रदेशात बालमजुरांना पूर्णवेळ शाळेत आणण्याचे मोठे काम करणाऱ्या शांता सिन्हा यांच्यासारख्यांचे म्हणणे होते. अनौपचारिक केंद्रांचा अनुभवही त्यांच्या बाजूने होता. अल्प मानधनावरचा शिक्षक, तुटपुंजे साहित्य, कंदिलाचा उजेड आणि कागदावर भरलेले पट, अशी अनेक केंद्रांची अवस्था होती. गरिबांसाठीचे शिक्षण हळूहळू गरीब शिक्षण होते, हा या टीकेचा सारांश. भोंगा शाळांसारख्या उपक्रमांनाही ही कसोटी लावली पाहिजे. भट्टीवर शाळा काढल्याने मालकाला मजूर कुटुंबासह ठेवण्याची सोय होत नाही काय? दहावी-बारावी झालेल्या स्वयंसेवकाच्या हाती आदिवासी मूल सोपवायचे आणि शहरातल्या मुलाला प्रशिक्षित शिक्षक द्यायचा, हा न्याय कोणता? हे प्रश्न रास्त होते, आणि आजही आहेत.

शिक्षणहक्क कायद्याने त्यांना उत्तर दिले ते असे. २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला पूर्णवेळ, मान्यताप्राप्त, ठरावीक निकष पुऱ्या करणाऱ्या शाळेचा हक्क दिला. मान्यतेशिवाय शाळा चालवता येणार नाही असे सांगितले. दुय्यम दर्जाच्या केंद्रांचा मार्ग त्यामुळे बंद झाला, आणि त्याबरोबर साखरशाळा व त्याच जातीच्या हंगामी वर्गांचा शासकीय आधारही सुटत गेला. मुलांना जवळच्या नियमित शाळेत दाखल करावे, किंवा आईवडील स्थलांतरित होत असताना मुलांना गावातच हंगामी वसतिगृहात ठेवावे, असा पर्याय पुढे आला. न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर पाऊल योग्यच होते. कायद्यात स्थलांतरित मुलाचा विचार नव्हता असेही नाही. शाळा बदलताना दाखल्याला उशीर झाला तरी प्रवेश नाकारता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो, या तरतुदी स्पष्ट आहेत.

गफलत आहे ती चौथ्या कलमाच्या अंमलबजावणीत. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत बसवावे आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असे हे कलम सांगते. हेतू चांगला आहे. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीच्या मुलांत बसवणे अपमानास्पद असते. पण व्यवहारात कलमाचा पहिला अर्धा भाग एका सहीत पुरा होतो आणि दुसरा, खर्चाचा आणि कष्टाचा, राहून जातो. भट्टीवरून आलेले दहा वर्षांचे मूल नोव्हेंबरात पाचवीच्या वर्गात येऊन बसते. वर्गात अपूर्णांक चाललेले असतात आणि त्याला वीसपर्यंतचे आकडे जेमतेम येतात. गुरुजींनी पाचवीचा अभ्यासक्रम पुरा करायचा की या एका मुलासाठी पहिलीपासून आरंभ करायचा? मार्चपर्यंत मूल येते, कधी येत नाही. मेमध्ये निघून जाते. कायद्याने त्याला शाळेत जागा दिली. शिकण्याच्या क्रमात मात्र त्याची जागा कोठे आहे, हे पाहण्याची सोय इयत्तेच्या रचनेत नाही.

यात पटसंख्येचे राजकारण मिसळले की गुंता आणखी वाढतो. शिक्षकांची पदे पटावर ठरतात. गावाकडच्या लहान शाळेतून वीस मुले भट्टीवर गेली आणि त्यांची नावे कमी झाली तर तेथले एखादे पद जाऊ शकते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची चर्चा २०२३ पासून सुरू झाल्यावर ही धास्ती अधिकच वाढली. त्यामुळे गावची शाळा नाव सोडायला नाखूश असते, तर भट्टीजवळच्या शाळेला सहा महिन्यांच्या पाहुण्याचे ओझे वाटते. या अडचणीवर शासनाने गेल्या दशकात ‘शिक्षण हमी पत्रक’ काढले. नाव मूळ शाळेतच राहील आणि पत्रक दाखवून मूल स्थलांतराच्या ठिकाणी कोणत्याही शाळेत बसू शकेल, अशी ही व्यवस्था. कल्पना उत्तम आहे. पण आगाऊ उचल घेतलेले कुटुंब मुकादमाचा टेम्पो आला की रातोरात निघते, शाळेत जाऊन पत्रक मागत बसत नाही. आणि पत्रकावर मुलाचे नाव, इयत्ता, शाळा एवढे असले तरी त्याला काय येते आणि पुढे काय शिकवायचे याचा उलगडा होत नसेल तर नव्या गुरुजींना त्याचा उपयोग किती?

येथे पर्यायी शिक्षणातली एक जुनी कल्पना उपयोगी पडते. इयत्ता मोडून तिच्या जागी शिडी ठेवायची. अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याची कार्डे आणि कृती ठरवायच्या आणि मुलाने आपल्या गतीने एकेक टप्पा ओलांडायचा. जेथे थांबला तेथून पुन्हा सुरुवात. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत ही पद्धत घडली. तेथून ती २००३ साली चेन्नई महापालिकेच्या शाळांत गेली आणि पुढे तमिळनाडूच्या सर्व शासकीय प्राथमिक शाळांत पोचली. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात सत्तरच्या दशकापासून ‘एस्कुएला नुएवा’ म्हणजे ‘नवी शाळा’ या नावाने ग्रामीण, एकशिक्षकी शाळांसाठी असेच काम चालू आहे. पिकाच्या काढणीसाठी मूल काही आठवडे गेले तरी परतल्यावर ते आपल्या मार्गदर्शिकेच्या त्याच पानापासून सुरू करते. नापास होत नाही आणि न शिकता पुढेही ढकलले जात नाही. मोसमी कामामुळे मुलांची शाळा तुटते हा अनुभव काही आपल्याच वाट्याला आलेला नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने हाच विचार निराळ्या अंगाने मांडला. वय आणि इयत्ता बाजूला ठेवून दिवसातले काही तास मुलांचे गट त्यांना वाचता किती येते यावरून करायचे. अक्षरे ओळखणारी एकत्र, शब्द वाचणारी एकत्र, परिच्छेद वाचणारी एकत्र. मुंबई आणि बडोद्यात या शतकाच्या आरंभी ‘बालसखी’ उपक्रमाचा जो अभ्यास झाला त्यात मागे पडलेल्या मुलांना याचा स्पष्ट लाभ झालेला दिसला. तो अभ्यास करणाऱ्यांत २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. ‘असर’च्या २००५ पासूनच्या पाहण्या देशभरातल्या पाचवीच्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही असे सांगत आल्या आहेत. म्हणजे इयत्ता आणि प्रत्यक्ष शिकणे यांची फारकत केवळ स्थलांतरितांपुरती नाही. भट्टीवरच्या मुलात ती उघडी पडते एवढेच.

महाराष्ट्राला या गोष्टी नव्या नाहीत. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले, राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले, आणि २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. कित्येक शिक्षकांनी मनापासून काम केले. कित्येक ठिकाणी मात्र ज्ञानरचनावाद फरशीवर रंगवलेल्या सापशिडीपुरताच उरला आणि वर्षभरात तो रंगही उडाला. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात सोनाळे येथून २००७ पासून काम करणारी ‘क्वेस्ट’ ही संस्था आदिवासी मुलांच्या वाचन-लेखनावर चिकाटीने काम करीत आहे. सोनाळे भिवंडीपासून काही फार लांब नाही. ज्ञान जवळपास उपलब्ध आहे. ते भट्टीपर्यंत पोचवणारी यंत्रणा नाही.

भिवंडी म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर वीटभट्ट्यांच्या आधी यंत्रमाग येतात, आणि शहराचा प्रश्नही याच मुलखातला आहे. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर लोकसंख्या असलेल्या या शहरात उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आहेत, पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणारे कोकणी मुसलमान आहेत, आगरी आणि कोळी आहेत. महापालिकेला मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या शाळा चालवाव्या लागतात. भोजपुरी बोलणाऱ्या घरातले मूल यांपैकी कोणत्याही माध्यमात गेले तरी पहिल्या दिवशी ते परभाषेच्या दारात उभे असते. कातकरी मुलालाही पाठ्यपुस्तकातली मराठी अशीच परकी वाटते. माग चोवीस तास चालतात, बाप पाळीवर असतो, आई घरी कांड्या भरते आणि मुले तिला हात लावतात. मागांवर मंदी आली की कुटुंब गावाकडे जाते. महामार्गालगत माणकोली, वळ, पूर्णा, दापोडे या गावांतून उभ्या राहिलेल्या गोदामांनी आणखी नवे मजूर आणले आहेत. मे २०२० च्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली आणि त्याच सुमारास नाशिक महामार्गाने हजारो लोक पायी निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांपैकी किती जणांकडे शाळेचा दाखला असेल? परतलेल्यांपैकी किती जण पुन्हा पटावर आले? हा प्रश्न टाळेबंदीबरोबर संपला नाही. मंदी आणि सणासुदीच्या निमित्ताने ही ये-जा दर वर्षी लहान प्रमाणात चालूच असते.

शाळा मुलाकडे नेणे आणि दर्जा राखणे या दोन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत, असे कोणी म्हणेल. शेजारच्या ठाणे शहरातले उदाहरण त्याला उत्तर देते. तीन हात नाक्याच्या पुलाखाली गजरे आणि खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी २०१६ च्या जूनमध्ये समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महापालिकेच्या सहकार्याने ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग, तेथेच आंघोळीची आणि जेवणाची सोय. तिच्यात शिकून मुले दहावी उत्तीर्ण झाली आहेत. पालिकेचा हात असल्याने ती दुय्यम केंद्र ठरली नाही. कायद्यात मान्यतेची अट आहे, पण ती शाळा मूळ जागेवरून हलू नये असे सांगत नाही. नियमित शाळेचा भाग असलेला, तिच्याच शिक्षकाने चालवलेला, पटावर मोजला जाणारा वर्ग भट्टीवर भरला तर आडवे येणारे कलम सापडत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने पर्यायी आणि नावीन्यपूर्ण केंद्रे काढावीत असे म्हटले आहे. मात्र त्यात एक धोका आहे. ही केंद्रे संस्थांच्या खांद्यावर टाकून शासनाने अंग काढून घेतले, तर नव्वदच्या दशकातल्या टीकेला पुन्हा तेवढेच बळ मिळेल. संस्थांनी पद्धत द्यावी, साहित्य द्यावे, शिक्षकांना बरोबर घेऊन शिकवावे. शिक्षक आणि त्याचा पगार शासनाचाच असला पाहिजे.

खर्चाचे कारण पुढे करण्यात फारसा अर्थ नाही, कारण हे स्थलांतर आकस्मिक नसते. तेच पाडे, तोच हंगाम, बहुधा तेच मुकादम. मूल हमी पत्रक घेऊन येईल याची वाट पाहण्यापेक्षा शिडीवरची त्याची पायरी दोन्ही शाळांना दिसेल अशी नोंद ठेवणे कठीण नाही. आज प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती राज्याच्या संगणकप्रणालीत भरली जातेच. तीत आधार क्रमांक आहे, जात आहे, जन्मतारीख आहे. मुलाला वाचता येते का, ही नोंद तेवढी हवी. पहिल्या तीन वर्षांत प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता आला पाहिजे, असे २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाचे ध्येय आहे. त्या तीन वर्षांना तीन इयत्ता न मानता एकच सलग टप्पा मानण्याची मुभा त्यातून मिळते, आणि भट्टीवरच्या मुलासाठी सुरुवात करायला तेवढी पुरेशी आहे.

मजूर म्हणूनही या कुटुंबांची गणना कोठे नीट होत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेला कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. मोखाड्याहून भिवंडीला आलेला कातकरी त्या व्याख्येत कधीच बसला नाही. मालाची गणना मात्र होते. वीटभट्टीसाठी माती काढायची तर गौण खनिजाचा परवाना लागतो, स्वामित्वधन भरावे लागते, आणि त्यासाठी भट्टी कोणाची, कोणत्या गटात, किती ब्रास मातीची, हे महसूल खात्याच्या दप्तरी लिहिले जाते. त्याच अर्जात किती कुटुंबे येणार, कोणत्या गावांहून येणार आणि त्यांत सहा ते चौदा वयाची मुले किती, असा एक रकाना घालून त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवायला वेगळा कायदा लागत नाही. परवाना भट्टी पेटण्याच्या आधी घ्यायचा असतो, त्यामुळे ही माहिती टेम्पो येण्यापूर्वी हाती येईल आणि कोणत्या भट्टीवर किती मुलांसाठी शिक्षक आणि कार्डे पाठवायची हे दिवाळीच्या सुट्टीतच ठरवता येईल.